२३१६ नंबरचा माणूस

क्लबचं वसतिगृह
२१ ऑगस्ट १९८३

प्रिय त्रुदे,

तुझं पत्र मिळालं. अर्ध्या पत्रात मला शिव्या आणि अर्ध्यात बेर्नाचा दात पडल्याची बातमी. तिला सांग, मामाचाही पडलाय. परवाच्या सामन्यात समोरच्या एका बैलाने कोपर मारून पाडला. पण आम्ही दोन-एक जिंकलो, आणि दोन्ही गोलांचे चेंडू माझ्या पायातून गेले होते. पेपरात अर्थातच गोल मारणाऱ्यांची नावं आली. मधल्या फळीत खेळणाऱ्याचं नाव तो चुकला तरच येतं.

कोच मात्र खूश आहेत. पहिल्या दिवसापासून त्यांनी एकच धडा घोकून घेतलाय, की चेंडू यायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचं. आता मला पाठीमागे कोण कुठे आहे ते न बघता कळतं. तरुणांच्या राष्ट्रीय संघात माझं नाव आहेच. असंच चाललं तर वसंतात मोठ्या संघाच्या शिबिराला बोलावतील म्हणतात. एकविसाव्या वर्षी, त्रुदे.

तू विचारलंस, मी खाणकामगार कसा झालो. अगं, आम्ही सगळेच झालोय. क्लब खाणींच्या जिवावर चालतो, म्हणून खेळाडू पाच खाणींत वाटून दिलेत. कागदावर आम्ही जमिनीखाली काम करतो. माझ्या वाट्याला आपल्या ब्झेझिनाची खाण आली. म्हणजे मी आणि तुझा आलोइझ एकाच खाणीत, फक्त तो आठशे मीटर खाली आणि मी फाटकाच्या आतही कधी गेलेलो नाही. तिथे वालेरियान नावाचा कारकून आहे. तो रोज पहाटे आम्हा आठ जणांचे पितळी बिल्ले फळ्यावरून काढून घेतो आणि पाळी सुटली की परत लावतो. झाला आमचा दिवस भरला. माझा नंबर २३१६. आलोइझला म्हणावं, माझ्या वाटचा कोळसा जरा काढून ठेव.

हसू नकोस, याचा फायदा मोठा आहे. जमिनीखाली काम करणाऱ्याला सैन्यात बोलावत नाहीत. नाहीतर दोन वर्षं बूट घासत बसलो असतो.

तुझा एरिक


ब्झेझिना
४ सप्टेंबर १९८३

एरिक,

तुझं पत्र आलोइझने जेवताना मोठ्याने वाचलं. तू आणि खाणकामगार. लहानपणी तळघरातून कोळशाची बादली वर आण म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तो हा. आलोइझ इतका हसला की त्याला ठसका लागला.

मला मात्र मागाहून राग आला, तो सांगून टाकते. तू त्या बिल्ल्याबद्दल असं लिहिलंस की जणू ते नाटकाचं तिकीट आहे. आलोइझ वर आला की तोंड धुवायच्या आधी बिल्ला फळ्यावर लावतो. सगळेच लावतात. फळ्यावर एक जागा रिकामी राहिली की माणूस खाली राहिला असं धरतात, आणि मग आलोइझच्या बचावपथकाला आत जावं लागतं. तेव्हा नाव-गाव कोणी विचारत बसत नाही. या सहा वर्षांत तो नऊ वेळा असा गेलाय, आणि नऊही वेळा मी खिडकीशी उभी होते. तेव्हा तुमच्या त्या वालेरियानला जपून वाग म्हणावं.

बाकी आम्ही मजेत. मटणा-मांसाची कुपनं या महिन्यात लवकर संपली. पण तू येणार असशील त्या रविवारी मांस गुंडाळून रोलादा करीन, बटाट्याच्या क्लुस्कीही करीन, कुठून आणते ते विचारू नकोस. बेर्ना पहिलीत गेली. मामाचं छायाचित्र वहीत चिकटवून घेऊन जाते.

त्रुदा

एरिक, हिचं मनावर घेऊ नकोस. सायकलच्या दांडीवर बसवून तुला सरावाला न्यायचो तेव्हाच म्हणालो होतो, हे पोरगं एक दिवस देशाचा लाल-पांढरा शर्ट घालणार. तुझा कोळसा मी काढतो, माझ्या वाटचे गोल तू मार.
आलोइझ


उस्त्रोन, आरोग्यधाम
१३ नोव्हेंबर १९८३

प्रिय त्रुदे,

काय लिहावं ते कळत नाही. तीन कागद फाडले.

आलोइझचं मला रविवारी गाडीत कळलं. शनिवारी ग्दान्स्कला सामना होता, तिथून परत येत होतो. स्टेशनवर क्लबची मोटार उभी होती. तिने मला थेट इथे डोंगरात आणलं, गुडघ्यासाठी. गुडघा वाईट आहे, डॉक्टर हलू देत नाहीत, म्हणून मंगळवारी अंत्यविधीला येता आलं नाही. तू समजून घेशील.

आलोइझ नाही हे खरंच वाटत नाही. मला सायकल, बूट, सगळं त्याने दिलं. आपले वडील गेल्यावर मला वडील म्हणून तोच होता.

क्लबचे मॅनेजर भेटून गेले. ते म्हणाले की खाणीत खडक फुटून बोगदा कोसळला तेव्हा पाच जण अडकले होते, ते पाचही बाहेर काढून झाले होते, काम संपलं होतं, आणि आलोइझ हुकूम नसताना पुन्हा आत गेला. तो असाच होता ना, त्रुदे. एकदा डोक्यात आलं की कोणाचं ऐकायचा नाही. शूर माणसाचा हट्ट म्हणायचा आणि गप्प बसायचं, दुसरं आपल्या हातात काय आहे.

बेर्नाला जवळ घे.

एरिक


ब्झेझिना
२० नोव्हेंबर १९८३

एरिक,

हट्ट? हा शब्द तू परत माझ्या नवऱ्याबद्दल वापरू नकोस. तू तिथे नव्हतास. काय झालं ते मी सांगते, आणि मला ते त्याच दिवशी दवाखान्यात पथकाच्या म्होरक्याने, कोकोटने, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच्या तोंडावरची काजळीही तेव्हा निघाली नव्हती.

पाच जण काढले होते, बरोबर. दोघे जिवंत होते. पथक वर यायला निघालं, तेवढ्यात वरून फोन आला, फळ्यावर एक बिल्ला कमी आहे. २३१६. एक माणूस आत राहिलाय. कोकोटने विचारलं, नक्की का? वरून सांगितलं, नक्की, जा. त्यांच्या पाठीवरच्या नळकांड्यांत चाळीस मिनिटांची हवा उरली होती. पथकातले पाचजण पुन्हा आत गेले. दुसऱ्यांदा खडक फुटला तेव्हा आलोइझ सगळ्यांच्या पुढे होता. चौघे परत आले.

हे झालं शुक्रवारी. पुढच्या बुधवारी अहवाल आला. त्यात लिहिलंय, २३१६ नंबरचा कामगार बरं वाटेना म्हणून साडेदहालाच वर आला होता आणि तशी नोंद होती, त्याने तसं लिहूनही दिलंय. म्हणजे कोणी बेपत्ता नव्हतंच. म्हणजे कोणी हुकूम दिला नव्हता. म्हणजे आलोइझ आपल्या मनाने आत गेला, आणि चौघांचा जीवही त्याने धोक्यात घातला. खाली कोकोटची सही आहे. त्याची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, हे मला कळतं. तो दारात आला होता टोपी हातात घेऊन. मी दार उघडलं नाही.

आता ऐक. बचावकेंद्राच्या भिंतीवर पाटी आहे, कामावर मेलेल्या बचाववाल्यांच्या नावांची. खाणकामगारांच्या संत बार्बाराच्या सणाला, चार डिसेंबरला, नवी नावं लावतात. आलोइझचं लावणार नाहीत. नियम मोडून मेलेल्याचं नाव तिथे बसत नाही म्हणे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. परवा शाळेत एका मुलीने बेर्नाला सांगितलं की तुझे बाबा स्वतःच्या चुकीने मेले. सात वर्षांची पोर घरी येऊन विचारते, बाबांनी काय चूक केली.

मी तुला रडगाणं सांगायला लिहिलेलं नाही. तुझ्या क्लबची आणि खाणीच्या साहेबांची ऊठबस आहे. एकच विचार, हा २३१६ कोण? तो खरंच साडेदहाला वर आला असेल तर बिल्ला का लावला नाही? आणि आला नसेल तर त्याने तसं का लिहून दिलं? त्या माणसाने फक्त उभं राहून खरं बोलावं. मला त्याच्याकडून दुसरं काही नको.

त्रुदा


उस्त्रोन
२७ नोव्हेंबर १९८३

प्रिय त्रुदे,

विचारलं. कोणालाच काही सांगता येत नाही. नंबर सारखे बदलतात म्हणे, एकाचा आज तर उद्या दुसऱ्याचा.

मला वाटतं, तू या माणसाच्या मागे लागू नयेस. समज सापडला. तो बिचारा कोणीतरी साधा माणूस असेल, त्याला जे लिही म्हटलं ते त्याने लिहिलं असेल. आलोइझ त्याने परत येणार आहे का? तू स्वतःला त्रास करून घेतेस. साहेबलोकांशी वैर घेऊन कोणाचं भलं झालंय?

माझा गुडघा बरा आहे. सोमवारी सराव सुरू. बेर्नासाठी चॉकलेट पाठवलंय, पत्र्याचा डबा मात्र तिने जपून ठेवावा, छान आहे.

एरिक


ब्झेझिना
६ डिसेंबर १९८३

एरिक,

चॉकलेट परत पाठवते आहे, डब्यासकट.

परवा बार्बाराचा सण झाला. बँड, पिसांच्या टोप्या, चर्चमध्ये फुलं. मी काळ्या कपड्यांत शेवटच्या बाकावर. नंतर बचावकेंद्रात पाटीवरचा कपडा काढला. दोन नवी नावं होती, दोन्ही जुन्या अपघातांतली. डायरेक्टरसाहेबांनी हौतात्म्यावर भाषण केलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक मी ऐकले होते, इतक्या जवळून कधी बघितले नव्हते.

घरी आले आणि ऑगस्टमधलं तुझं पत्र काढलं. का काढलं सांगू? ते वाचताना आलोइझ हसला होता. त्याला पोटभर हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही. मला ते हसू पुन्हा आठवायचं होतं. दुसऱ्या पानावर, तुझ्या अक्षरात, लिहिलंय: माझा नंबर २३१६.

मी ते किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. मग कोट चढवून दिव्यांच्या खोलीतल्या एमाकडे गेले. खाली जाणाऱ्यांना दिवे देणं आणि बिल्ल्यांचा फळा सांभाळणं तिचं काम. आधी म्हणाली, त्रुदाबाई, मला दोन मुलं आहेत. मी म्हटलं, मला एक आहे आणि तिला बाप नाही. मग ती बोलली.

त्या दिवशी चार नोव्हेंबर. डायरेक्टर कारोलचा नामदिन, त्याच्या नावाच्या संताचा सण. सकाळपासून वर कचेरीत केक आणि वोडका. वालेरियानला तिथे जायची घाई, म्हणून तो अकरालाच बिल्ले लावून गेला. आठ नेले होते, सात लावले. आठवा कोटाच्या खिशात राहिला आणि कोट खुंटीवर राहिला. दुपारी खडक फुटला, एमाने फळा बघितला आणि वर फोन केला, की २३१६ नाही, पण हा वालेरियानच्या बिल्ल्यांपैकी असू शकेल, आधी त्याला विचारा. तिने सांगितलं होतं, एरिक. पलीकडे फोन कोणीतरी हाताने झाकला, बोलणं झालं, आणि मग आवाज आला, तुम्ही तुमचं काम करा. रजिस्टर त्यांच्याच कपाटात. नाव बघायला किती वेळ लागतो? त्यांनी बघितलं. त्यांना कळलं की हा फुटबॉलवाला, हा खाली नाही, हा कधीच खाली नव्हता. पण पथकाला थांबवायचं तर का थांबवता ते सांगावं लागलं असतं. त्या फोनवरचं बोलणं सगळे ऐकत होते, वरच्या तपासणी कचेरीचा माणूसही. म्हणून नाही थांबवलं. पाच माणसं एका रिकाम्या नावासाठी आत जाऊ दिली. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना.

आणि तू. तो नंबर तुझ्याच अक्षरात माझ्या घरात होता. मी तुला विचारलं, २३१६ कोण, आणि तू मला लिहिलंस की नंबर बदलतात. 'तो बिचारा.' 'साधा माणूस.' स्वतःबद्दल किती मायेने लिहिलंस!

मैदानात पाठीमागे कोण आहे ते तुला न बघता कळतं ना? मग हे कळलं नाही की तुझ्या पाठीमागे आलोइझ होता?

साडेदहाला तू वर आलास असं कोणी लिहून दिलं?

त्रुदा


क्लबचं वसतिगृह
१५ जानेवारी १९८४

त्रुदे,

मीच लिहून दिलं. म्हणजे लिहिलेलं होतं, मी सही केली.

गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. सोमवारी, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी, मॅनेजर उस्त्रोनला कागद घेऊन आले. म्हणाले, खाणीतल्या त्या अपघातामुळे तपासणीवाले येतील, सगळ्यांच्या हजेऱ्या नीट हव्यात, तुझ्या बिल्ल्याचा थोडा घोळ आहे, इथे सही कर. मी वाचलं. 'चार नोव्हेंबरला सकाळच्या पाळीत काम करत असता बरं वाटेनासं झाल्याने साडेदहाला वर आलो, बिल्ला लावायचं विसरलो.' मी म्हणालो, मी तर त्या दिवशी ग्दान्स्कला होतो. ते हसले, तू तर रोजच कुठेतरी असतोस. मी सही केली. घोळ कसला ते विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि मला कळायला नको होतं. हे मला तेव्हाही आत कुठेतरी ठाऊक होतं. तुझ्या पत्रात नंबर बघितला तेव्हा सगळं कळलं, आणि तरी बसून ते उत्तर लिहिलं. त्याची लाज वाटते.

पण आता माझं ऐक. मी खरं लिहून दिलं तर काय होईल? मी कधीच खाली नव्हतो हे सिद्ध झालं की सैन्याची नोटीस. दोन वर्षं. राष्ट्रीय संघाच्या शिबिराची यादी मार्चमध्ये लागते, माझं नाव राष्ट्रीय संघाच्या कोचच्या वहीत आहे, त्यांनी मला स्वतः सांगितलं. आमच्याच क्लबातले आणखी सात जण तसेच बिल्लेवाले आहेत, त्यांचंही जाईल. दोघांना लहान मुलं आहेत. राष्ट्रीय संघातून एकदा खेळलो की माझ्या शब्दाला वजन येईल, तेव्हा बोलीन. थोडं थांब. मधल्या फळीतला खेळाडू चोविसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात करू शकत नाही. पाय विसरतात.

आलोइझ असता तर त्यानेही मला खेळच म्हटलं असतं. तुला माहीत आहे.

एरिक


ब्झेझिना
२२ जानेवारी १९८४

एरिक,

तुझ्या पत्रात राष्ट्रीय संघ तीनदा येतो आणि आलोइझ एकदा. तोही तुझ्या बाजूने साक्ष द्यायला.

तो काय म्हणाला असता ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की वरून फोन आला तेव्हा त्याने 'थोडं थांबा' म्हटलं नाही. माझी दोन वर्षं जातील, माझे पाय विसरतील, असं काही त्याने म्हटलं नाही. आत कोणीतरी आहे म्हणाले आणि तो गेला. आत तू आहेस असं त्याला सांगितलं असतं तर जरा जास्तच वेगाने गेला असता, बावळट.

यापुढे पत्र पाठवायचं तर त्या सहीबद्दल पाठव. नाहीतर पाठवू नकोस.

त्रुदा


छावणी
२० मे १९८४

त्रुदे,

सहीबद्दल लिहितो आहे.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला मी दोन प्रती लिहिल्या. एक तपासणी कचेरीला, एक बचावकेंद्रात कोकोटच्या नावे. लिहिलं की माझा आधीचा कागद खोटा आहे. चार नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता ग्दान्स्कच्या हॉटेलच्या वहीत माझी सही आहे. तिथल्या शनिवारच्या पेपरात आदल्या दिवशीच्या सरावाचं छायाचित्र आहे, त्यात डावीकडून तिसरा मी. मी आयुष्यात एकदाही खाणीत उतरलो नाही, माझा बिल्ला कारकून काढायचा, हे कचेरीला ठाऊक होतं, आणि आलोइझ जो माणूस शोधायला गेला तो मी होतो. शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मॅनेजर म्हणाले, तू वेडा झालास. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तर माझी पिशवी आणि बूट बाहेर बोळात पडले होते. माझ्याच माणसांनी टाकले. त्यातल्या एकाशी मी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तो म्हणाला, तुझा मेहुणा मेला म्हणून आम्ही मरायचं का? मी त्याला मारलं. मग बाकीच्यांनी मला मारलं. पेपरात आलं की एरिकचा गुडघा पुन्हा दुखावल्याने तो या मोसमात खेळणार नाही. वर्षभरात माझ्याबद्दल छापून आलेली सगळ्यांत लांब बातमी हीच.

एप्रिलात नोटीस आली. चांगल्या खेळाडूला सैन्याचा क्लब उचलतो, मलाही वाटलं होतं. इथल्या कप्तानाने फाइल उघडली, बंद केली आणि मला स्वयंपाकघरात पाठवलं. बटाटे सोलतो. बराकीमागे मैदान आहे, तिथे रणगाड्यांचे सुटे भाग ठेवतात.

खरं सांगू, त्रुदे, मला आता भीती वाटत नाही, राग येतो. तपासणी कचेरीचं उत्तर आलं तीन ओळींचं. माझ्या निवेदनाची नोंद घेतली आहे, हजेरीत कारकुनी चूक झाल्याचं आढळलं आहे, वालेरियानला समज दिली आहे. आलोइझबद्दल एक अक्षर नाही. अहवाल आहे तसाच. मी सगळं घालवलं आणि त्यांनी एक कारकून पुढे करून हात झटकले. मग मी लिहिलं त्याचा उपयोग काय झाला? हे मी तुला दोष द्यायला विचारत नाही. खरंच विचारतो.

तू माफ केलंस का, तेही विचारायचं होतं.

एरिक


ब्झेझिना
६ डिसेंबर १९८४

एरिक,

तुझं मेमधलं पत्र सहा महिने टेबलाच्या खणात होतं. उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि खोटा धीर द्यायला मला येत नाही. आता आहे म्हणून लिहिते.

परवा पुन्हा बार्बाराचा सण. मी जाणार नव्हते. एमा आली आणि म्हणाली, त्रुदाबाई, यंदा चला. बेर्नालाही घ्या. जास्त काही सांगेना.

बचावकेंद्रात सगळे ओळीने उभे. पुढे खुर्च्यांवर डायरेक्टर, तुमच्या क्लबचे मॅनेजर, आणखी दोन साहेब. पाटी आहे तशीच, आलोइझ नाही. मी मनात म्हटलं, मला कशाला आणलं हे बघायला. मग कोकोट पुढे झाला. निवृत्तीआधीचा त्याचा शेवटचा सण. मेलेल्यांची नावं तो वाचतो आणि प्रत्येक नावाला पथक 'हजर' म्हणतं, ही रीत तुला माहीत आहे. एकोणीस नावं वाचून झाली. बँडवाल्याने तुतारी तोंडाला लावली. कोकोटने त्याला हाताने थांबवलं, चष्मा पुसला आणि आलोइझचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. एकशेदहा माणसं 'हजर' म्हणाली. खिडकीच्या काचा हलल्या.

डायरेक्टर उठून उभा राहिला. म्हणाला, कोकोट, हे नाव यादीत नाही. कोकोट म्हणाला, साहेब, मी गेल्या वर्षी एक खोटी सही केली. ती मला आज खोडायची आहे. फोन माझ्या कानाला होता. जा म्हणणारा आवाज तुमचा होता. मग त्याने खिशातून तुझा कागद काढला. तुझ्या दोन प्रतींतली एक. सगळा वाचून दाखवला, हॉटेलच्या वहीपासून डावीकडून तिसऱ्यापर्यंत. साहेब निघून गेले. बाकी एकही माणूस हलला नाही.

पाटीवर नाव अजून नाही. लावतील की नाही मला ठाऊक नाही. अहवाल बदललेला नाही, डायरेक्टर खुर्चीवर आहे, आणि कोकोटला आता भोगावं लागेल. पण ब्झेझिनात यापुढे कोणी बेर्नाला तिच्या बापाची चूक सांगणार नाही. तू उपयोग विचारला होतास. हा झाला.

कोकोट संध्याकाळी दारात आला. मी दार उघडलं, कॉफी दिली. माफ केलं असं म्हटलं नाही, कारण केलेलं नाही. तुलाही नाही केलं. तो शब्द धर्मगुरूंपाशी असतो, माझ्यापाशी नाही. पण तुझी रजा जानेवारीत आहे असं कळलं. रजेतल्या रविवारी ये. जेवायला रोलादा असेल. आलोइझच्या खुर्चीवर बसू नकोस, बाकी कुठेही बस.

एक गोष्ट राहिली. कोकोट तुझा कागद वाचत होता तेव्हा मी बेर्नाचे कान झाकले होते. शेवटच्या वाक्याच्या वेळी. घरी येताना तिने विचारलं, बाबा ज्याला शोधायला गेले तो माणूस कोण होता, तो सापडला का. मी म्हटलं, सापडला, तो रविवारी जेवायला येणार आहे, त्यालाच विचार.

त्रुदा